मॉनिटरचे निकामी कपॅसिटर घरी बदलताना

आमच्याकडून कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे छोटे भाग) व इतर सुटे भाग नेऊन मॉनिटरची दुरुस्ती स्वतः करू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. सोल्डरिंगचा थोडाफार सराव असलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. ज्यांनी सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलेले नाही, त्यांनी आधी एखाद्या टाकाऊ बोर्डवर हात बसवून घ्यावा.

मॉनिटर चालू केल्यावर चित्र क्षणभर दिसून दोनेक सेकंदांत पडदा काळा होणे, पॉवरचा दिवा नुसताच लुकलुकत राहणे, किंवा पूर्वी लगेच लागणारा मॉनिटर आता बराच वेळ तापल्याशिवाय न लागणे, या तक्रारींचे मूळ बहुधा पॉवर सप्लाय बोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये असते. पडदा काळा असताना त्यावर तिरकी टॉर्च धरून पाहावी. अंधुक का होईना, चित्र दिसले तर पॅनेल आणि मुख्य बोर्ड काम करीत आहेत आणि बिघाड बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या, बाजूला आहे, असे समजावे. याउलट पडद्यावर उभ्या रेषा कायम दिसत असतील किंवा पॅनेलला तडा गेला असेल, तर कपॅसिटर बदलून काहीही साधणार नाही आणि मॉनिटर उघडण्याचे कष्ट वाया जातील. ज्या मॉनिटरला वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून मिळते, त्याचा अडॅप्टर आधी तपासावा. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर मॉनिटर उघडूच नये.

कपॅसिटर निकामी होण्याचे मुख्य कारण उष्णता हे आहे. त्याच्या डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. हा द्रव सुकत गेला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो आणि पुढच्या सर्किटला स्थिर व्होल्टेज मिळेनासे होते. तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे 105 अंश सेल्सिअसला 2000 तास टिकणारा कपॅसिटर 85 अंशांवर सुमारे 8000 तास टिकतो, आणि रोज आठ तास चालणाऱ्या मॉनिटरमध्ये हे तास तीन वर्षांच्या आतच संपतात. उष्ण हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसवलेले कपॅसिटर आधी जातात ते यामुळेच.

मॉनिटर उघडण्यापूर्वी पुढची सूचना पूर्ण वाचावी. बोर्डवरचा सर्वांत मोठा कपॅसिटर 400 किंवा 450 व्होल्टचा असतो, आणि घरातील पुरवठा 230 व्होल्टचा असेल तर त्यात सुमारे 325 व्होल्ट साठलेले असतात. प्लग काढल्यानंतरही हा साठलेला विद्युतभार काही काळ टिकून राहू शकतो आणि त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. प्लग काढून काही मिनिटे थांबावे, बोर्ड केवळ कडांनी धरावा, आणि 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी त्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना दहा सेकंद लावून भार उतरवावा. त्यानंतर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून उरलेले व्होल्टेज मोजावे. ते जवळपास शून्य दिसेपर्यंत बोर्डला हात लावू नये. हे काम स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून उरकण्याची पद्धत अनेकांच्या अंगवळणी पडलेली आहे, पण त्यात ठिणगी उडते, ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) जळतो आणि कधी कधी हातही भाजतो, म्हणून ती आम्ही कोणालाही सुचवत नाही. जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा मॉनिटर मात्र घरी उघडूच नये, कारण त्यात वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असू शकतो.

मॉनिटर मऊ कापडावर पालथा ठेवून स्टँड आणि स्क्रू काढावेत. पुढची चौकट बहुतेक वेळा आतल्या खाचांवर अडकवलेली असते, ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवावी. धातूच्या हत्याराने पॅनेलची कड फुटते. बॅकलाइट ट्यूबचा असेल तर त्याच्या जोडण्या तार न ओढता, कनेक्टरला धरून काढाव्यात. या ट्यूबांमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या फुटणार नाहीत याची काळजी घ्यावी. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून ठेवावा.

बोर्ड हाती आल्यावर कपॅसिटरचा माथा पाहावा. त्यावर कोरलेल्या खुणेपाशी तो किंचितही फुगलेला दिसला किंवा तळाशी द्रव झिरपलेला दिसला, तर तो गेला. तळाशी असलेला रबरासारखा डिंक मात्र कारखान्यात लावलेला असतो, तो गळती समजू नये. मॉनिटर अजिबात चालू होत नसेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर पॉवर आयसीजवळचा 22 किंवा 47 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर जरूर पाहावा. तो फुगत नाही, नुसता सुकतो, म्हणून डोळ्यांना निर्दोष वाटतो. साधा कपॅसिटन्स मीटरही कधी कधी फसवतो, कारण आकडा बरोबर येऊनही ईएसआर वाढलेला असू शकतो. म्हणूनच फुगलेले तेवढेच न बदलता, कमी व्होल्टेजच्या बाजूचे सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि हा छोटा, असे एकदमच बदलावेत, असे आमचे मत आहे. बोर्ड पुन्हा उघडण्याच्या खटाटोपापुढे दोनचार जादा कपॅसिटर म्हणजे काहीच नाही.

नवा कपॅसिटर निवडताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे अधिक असावेत, तापमान 105 अंशांचे असावे आणि तो लो ईएसआर प्रकारचा असावा. अधिक व्होल्टचा कपॅसिटर आकारानेही मोठा असू शकतो, म्हणून जुन्याचा व्यास, उंची आणि पायांमधील अंतर मोजून सांगावे.

जुना कपॅसिटर काढण्याआधी त्याची दिशा लिहून ठेवावी. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजू दाखवते आणि नव्याचा लांब पाय धन असतो. बोर्डवरच्या अर्धवर्तुळाची रंगवलेली बाजू सहसा ऋण असते. पण काही निर्माते नेमके उलटे छापतात, त्यामुळे छापील खुणेपेक्षा स्वतः काढलेल्या फोटोवर भिस्त ठेवावी. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो.

युरोपीय संघाने जुलै 2006 पासून शिशावर निर्बंध घातले, तेव्हापासूनच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर असते आणि ते सुमारे 217 अंशांना वितळते. जोडावर आधी थोडे 63/37 चे (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) ताजे सोल्डर लावले की जुने लवकर सैल होते. मग डिसोल्डरिंग पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणीव पट्टीने) ते ओढून घ्यावे. पाय सुटत नसेल तर ओढाताण करू नये. पॉवर सप्लायचे बोर्ड सहसा एकपदरी असतात आणि त्यांचे ट्रॅक सहज उचलले जातात. नवा कपॅसिटर बोर्डला टेकवून बसवावा, जोड चकचकीत आणि शंकूच्या आकाराचा यावा, आणि उरलेले पाय कापून टाकावेत.

पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी सर्व बोर्ड जागेवर घट्ट करावेत. उघडा बोर्ड टेबलावर ठेवून चाचणी घेऊ नये. फ्यूज जळलेला असल्यास नुसता फ्यूज बदलून वीज देऊ नये, कारण बहुतेक वेळा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि नवा फ्यूजही त्याच क्षणी उडतो. कपॅसिटर बदलूनही पडदा दोन सेकंदांत काळा होत असेल आणि सुरुवातीला चित्र गुलाबीसर दिसत असेल, तर बॅकलाइटची ट्यूब थकलेली आहे.

सुट्या भागांची मागणी करताना बोर्डच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, बोर्डवर छापलेला क्रमांक आणि प्रत्येक कपॅसिटरवरचे आकडे सोबत पाठवावेत. केवळ मॉनिटरचे मॉडेल पुरेसे नसते, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळे पॉवर बोर्ड बसवलेले आढळतात.