टाकीला अर्थिंग आहे, पण आतल्या टोल्युईनचं काय?

बडोद्याच्या भोवती नंदेसरी, रणोली असा केमिकल कारखान्यांचा पट्टा आहे. तिथल्या प्लांटवर काम करणाऱ्यांशी स्थिर विद्युतेचा विषय काढला की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, “अर्थिंग केलेलं आहे.” दुसरं, “चोमासामां तो कंई नथी थतुं,” म्हणजे पावसाळ्यात काही होत नाही, हिवाळ्यात तेवढं सांभाळायचं. दोन्ही उत्तरं अनुभवातून आलेली आहेत आणि लोखंडी पिंप, प्लास्टिकची पिशवी, अंगावरचा टेरिकॉटचा शर्ट यांना बऱ्यापैकी लागूही पडतात. पाइपातून वाहणाऱ्या टोल्युईनला, हेक्झेनला किंवा नॅफ्थाला, म्हणजे सहज पेटणाऱ्या पण वीज जवळजवळ न वाहून नेणाऱ्या द्रवांना, मात्र ती लागू पडत नाहीत. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली तेव्हापासून या गावाचं पोट ज्या द्रवांवर चालतं, त्यांतले बरेचसे याच जातीचे आहेत. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन सांगावासा वाटतो.

कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. द्रव पाइपातून जातो तेव्हाही जवळजवळ तेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. टोल्युईन कितीही शुद्ध म्हटलं तरी त्यात अशुद्धींचे थोडे आयन असतात. पाइपाच्या भिंतीला त्यांतले एका जातीचे, समजा ऋण आयन जास्त चिकटतात. त्यांच्या विरुद्ध जातीचे धन आयन भिंतीलगत द्रवात घोटाळत राहतात. भिंतीवर एक थर, द्रवात दुसरा. या दुहेरी थराचा सिद्धान्त हेल्महोल्ट्झने १८७९ मध्ये मांडला. द्रव उभा असेल तोवर हिशेब शून्य. द्रव वाहू लागला की भिंतीवरचा थर जागीच राहतो आणि द्रवातला थर प्रवाहाबरोबर पुढे निघतो. टाकीत पोहोचणारं टोल्युईन असं प्रभार घेऊनच येतं. वेग दुप्पट केला की प्रभाराचा हा प्रवाह साधारण चौपट होतो. वाटेत बारीक छिद्रांचा फिल्टर असेल तर विचारायलाच नको, कारण तिथे द्रवाला घासायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि प्रभार दहापट, कधी शंभरपट वाढतो.

हा विद्युतप्रवाह असतो केवढा? मायक्रोअँपिअरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतो. आता २०० लिटरचं लोखंडी पिंप लाकडी फळीवर ठेवलंय, अर्थिंगची क्लिप लावलेली नाही आणि त्यात १ मायक्रोअँपिअर दराने प्रभार येतोय असं धरा. अशा पिंपाची धारकता, म्हणजे प्रभार साठवायची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड. गणित केलं तर पिंपाचं व्होल्टेज सेकंदाला १०,००० व्होल्ट या दराने चढतं. एका सेकंदानंतर पिंपातून जवळच्या पाइपाकडे ठिणगी उडाली तर तिच्यात ५ मिलिज्यूल ऊर्जा असते. टोल्युईनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. हायड्रोजनला तर ०.०२ मिलिज्यूलसुद्धा जास्त होते. माणसाच्या बोटाला झिणझिणी जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे आपल्याला कळलंही नाही अशा ठिणगीने काही वाफा पेट घेऊ शकतात.

इथे अर्थिंग आपलं काम चोख करतं, आणि का करतं हे ओहमच्या नियमातच आहे. १ मायक्रोअँपिअर प्रवाह १ मेगाओहम रोधातून जमिनीत गेला तर पिंपावर उरतात फक्त १ व्होल्ट. दहा लाख ओहम! स्थिर विद्युतेसाठी इतकी वाईट वाट सुद्धा पुरते. प्लांटमध्ये १० ओहमची अट घालतात ती वेगळ्या कारणासाठी. धातूचा धातूशी जोड चांगला असेल तर रोध एवढाच यायला हवा, त्याहून जास्त आला तर कुठेतरी गंज, रंग किंवा सैल बोल्ट आहे हे कळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मनगटाला बांधतात त्या पट्ट्यात तर मुद्दाम १ मेगाओहमचा रोध बसवलेला असतो. प्रभार सहज निघून जातो, पण चुकून हात २३० व्होल्टला लागला तर माणूस मरत नाही.

धातूचा प्रश्न असा सुटतो. आता टाकीच्या आत बघू.

टाकी लोखंडी आहे, अर्थिंग उत्तम आहे, आणि आत प्रभारित टोल्युईन भरलेलं आहे. अर्थिंगच्या तारेतून जायचं तर प्रभाराला आधी भिंतीपर्यंत पोहोचलं पाहिजे. त्याला ढकलणारं बल त्याचं स्वतःचंच असतं, कारण सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात. अडवतो तो द्रव. टोल्युईनची वाहकता अत्यंत कमी, मीटरमागे सुमारे १ पिकोसीमेन्स, कधी त्याहूनही कमी. म्हणून प्रभार रांगत रांगत भिंतीकडे जातो. प्रभार जितका जास्त तितकं ढकलणं जास्त, कमी होत गेला की ढकलणंही कमी, म्हणून निचरा सुरुवातीला जोरात आणि मग मंदावत होतो. मूळ प्रभारातला ३७ टक्के उरायला जो वेळ लागतो त्याला रिलॅक्सेशन टाइम म्हणतात. द्रवाच्या पर्मिटिव्हिटीला (विद्युतक्षेत्राला द्रव किती प्रतिसाद देतो त्याचं माप) वाहकतेने भागलं की तो मिळतो. टोल्युईनची सापेक्ष पर्मिटिव्हिटी २.४, निर्वात पोकळीची ८.८५ पिकोफॅरड प्रतिमीटर. गुणाकार २१. वाहकता १ पिकोसीमेन्स असेल तर उत्तर २१ सेकंद. ५ टक्क्यांवर यायला याच्या तिप्पट, म्हणजे मिनिटभर. वाहकता ०.१ झाली तर त्याच मुक्कामाला दहा मिनिटं.

या सूत्रात काय नाही ते बघा. टाकीचा आकार त्यात नाही. अर्थिंगच्या तारेची जाडी नाही, खड्ड्यातलं मीठ-कोळसा नाही, अर्थ-पिटचा रोधही नाही. तार मनगटाएवढी जाड केली तरी २१ सेकंदांचे २० होणार नाहीत. नवरात्रात गरब्याच्या मैदानाचे सगळे दरवाजे सताड उघडले तरी मधली गर्दी आपल्या चालीनेच बाहेर पडते, तसं हे आहे. मला या विषयातलं सर्वांत सुंदर समीकरण हेच वाटतं, कारण साठवण टाकीपासून सॅम्पलच्या बाटलीपर्यंत सगळ्यांना ते सारखंच लागू होतं आणि त्यात फक्त द्रवाचा स्वभाव आहे. मिथेनॉल घ्या. त्याची वाहकता टोल्युईनच्या कोट्यवधी पट, म्हणून प्रभार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत निघून जातो. एकाच शेडमधली दोन पिंपं, दोन्हींना सारखीच क्लिप, आणि धोका अगदी वेगळा.

यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते. विमानाच्या इंधनात लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापात अँटिस्टॅटिक द्रव्य मिसळतात. त्याने प्रभार तयार होणं थांबत नाही, उलट आयन वाढल्यामुळे कधी कधी तो जास्तच तयार होतो. पण वाहकता ५० पिकोसीमेन्सच्या वर गेली की रिलॅक्सेशन टाइम अर्ध्या सेकंदाच्या आत येतो आणि प्रभाराला साठायला फुरसतच मिळत नाही. वाहकता तापमानाबरोबरही बदलते. बडोद्यात मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांत जे द्रव बरं वागतं, तेच जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांत प्रभार अधिक वेळ धरून ठेवतं. हिवाळ्यात सांभाळायचं हे म्हणणं इथे खरं ठरतं, पण हवेतल्या कोरडेपणामुळे नाही. बंद पाइपातल्या टोल्युईनला बाहेरच्या हवेची आर्द्रता कळतच नाही. पावसाळ्यात पिशव्यांवर, पट्ट्यांवर, कपड्यांवर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि त्यावरून प्रभार ओघळून जातो. द्रवाच्या पोटातल्या प्रभाराला त्याचा काही उपयोग नाही. ड्रायरमधून नुकत्याच निघालेल्या गरम पावडरलाही नाही.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या व्हॅली सेंटर गावी १७ जुलै २००७ रोजी बार्टन सॉल्व्हंट्सच्या आवारात नॅफ्थाची टाकी भरताना स्फोट झाला. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. टाकीत पातळी मोजायचा तरंगणारा फ्लोट होता आणि त्याचा सांधा सैल होता. त्यामुळे फ्लोटचा टाकीशी असलेला विद्युतसंपर्क तुटत होता, प्रभार त्याच्यावर गोळा झाला आणि ठिणगी पडली. अशा द्रवांना नेहमीचं अर्थिंग आणि बाँडिंग (धातूचे भाग एकमेकांना तारेने जोडणं) पुरेलच असं नाही, हा त्या चौकशीचा मुख्य धडा. द्रवाच्या पृष्ठभागावर पसरलेला प्रभार एका झटक्यात बाहेर पडू शकत नाही, कारण द्रवच त्याला अडवतो. पण त्यात तरंगणारा धातूचा तुकडा, मग तो फ्लोट असो की हातातून निसटलेला सॅम्पलचा डबा, आजूबाजूचा प्रभार गोळा करतो आणि भिंतीजवळ आला की सगळा एकदम सोडतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरण डिसेंबर १९६९ चं. मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा ही तीन महाकाय तेलवाहू जहाजं एकाच महिन्यात स्फोटांनी हादरली. मार्पेसा बुडालंच. तिन्हींवर रिकाम्या टाक्या समुद्राच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुणं चालू होतं. खारं पाणी तर उत्तम वाहक! पण फवाऱ्यातून धुकं झालं की प्रत्येक थेंब हवेत एकटा पडतो आणि त्याच्यावरचा प्रभार निघायला वाट उरत नाही. संशोधनाने याच प्रभारित धुक्याकडे बोट दाखवलं. पुढे अशा जहाजांच्या टाक्यांत प्राणवायू जवळजवळ नसलेला वायू भरायची पद्धत रूढ झाली. ठिणगी शंभर टक्के टाळता येत नाही, पण पेटायला लागणारा प्राणवायू काढून घेता येतो. आपल्याकडे रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरतात तो याच कारणासाठी.

पेटण्याच्या बाबतीत टोल्युईन पेट्रोलपेक्षा वाईट आहे, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की बहुधा ती पेटायच्या पलीकडे गेलेली असते. टोल्युईनची वाफ हवेत १.१ ते ७.१ टक्के असताना पेटते, आणि २५ अंशांवर बंद टाकीत ती नेमकी पावणेचार टक्क्यांच्या जवळ असते. म्हणजे आपल्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस मधोमध. पेट्रोलपंपावर मोबाइलची भीती घालणारे संदेश फिरतात. टोल्युईन असलेल्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमध्ये पॉलिथिनच्या पिशवीतून पावडर ओतण्याबद्दल कोणी काही फिरवत नाही, आणि औषध कारखान्यांतल्या आगींचं ते फार जुनं कारण आहे.

टँकरच्या मागे रस्त्यावर घासत जाणाऱ्या साखळीवरही असाच भाबडा विश्वास आहे. कोरडं डांबर प्रभार नीट वाहून नेत नाही, आणि खरा धोका रस्त्यावर नसून गँट्रीत, म्हणजे टँकर भरायच्या जागी, भरताना असतो. तिथे अर्थिंगचा क्लॅम्पच हवा. त्याहून मला टोचतं ते दुसरंच. एखाद्या प्लांटमध्ये लागोपाठ आग लागली की वास्तुदोष काढला जातो, दाराला लिंबू-मिरची लागते, टाकीची दिशा बदलायचे सल्ले येतात. दसऱ्याला यंत्राला हार घालावा, ती कृतज्ञता आहे. पण आगीचं कारण शोधायचं असेल तर त्या दिवशीचा भरण्याचा वेग, द्रवाचं तापमान, फिल्टर कधी बदलला आणि पावडर कोणत्या पिशवीतून ओतली, हे लॉगबुकातून काढावं लागतं. दिशेचा विचार करण्यात गेलेला वेळ त्या तपासातून वजा होतो, आणि पुढच्या पाळीतल्या कामगाराचा जीव टांगणीला लागतो.

देखरेखीची साधनं आता चांगली मिळतात. गँट्रीतला क्लॅम्प टँकरच्या धातूला नीट भिडला नाही तर दिवा हिरवा होत नाही आणि पंपच सुरू होत नाही. पण तो हिरवा दिवा धातूची हमी देतो, द्रवाची नाही. द्रवासाठी वाहकता मोजणारा मीटर असतो, बॅच आली की मोजावं आणि आकडा नोंदवावा. पृष्ठभागावरचं विद्युतक्षेत्र स्पर्श न करता मोजायला फील्ड मिल असते. तिच्यात स्थिर धातूच्या चकतीसमोर अर्थ केलेलं पातं फिरतं. पातं चकतीला झाकतं तेव्हा क्षेत्र पोहोचत नाही, उघडतं तेव्हा पोहोचतं, आणि त्या झाक-उघडीत चकतीवर प्रभार ये-जा करतो. तो ये-जा करणारा प्रवाह म्हणजेच क्षेत्राचं माप. हवेची सहनशक्ती सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट, त्याच्या कितीतरी अलीकडे अलार्म लावता येतो.

बाकीची शिस्त स्वस्त आहे. भरण्याचा पाइप द्रवाच्या खाली बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत, नंतरही ७ मीटरच्या वर नाही. चार इंची पाइपातून १ मीटर वेग म्हणजे तासाला सुमारे २८,००० लिटर, तेव्हा फार खोळंबा होत नाही. वरून धार सोडायची नाही. फिल्टरनंतर टाकीत पोहोचायला द्रवाला निदान ३० सेकंद मिळतील एवढा पाइप ठेवायचा. आयएस ७६८९ हे भारतीय मानक आणि तेल उद्योगासाठीचं ओआयएसडी-११० यांतला एक तरी कागद प्लांटच्या ऑफिसात हाताशी असावा.

आणि मोठी टाकी भरून झाली की ३० मिनिटं डिप घ्यायचा नाही, म्हणजे वरून पट्टी सोडून पातळी मोजायची नाही, सॅम्पलचा डबाही सोडायचा नाही. तळाशी बसत जाणारे पाण्याचे थेंबसुद्धा त्या काळात प्रभार तयार करत असतात. पंप बंद झाला की टायमर चालू व्हावा आणि तो संपेपर्यंत डिप-हॅचचं झाकण उघडू नये, असं इंटरलॉक इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सहज बसवता येतं. बडोद्यात नवीन टाकी बसवणाऱ्याने अर्थ-पिटच्या बजेटबरोबरच तेही मागून घ्यावं.