देशी व प्रदेशनिष्ठ दर्जानुसार निरीक्षणांची छाननी (बडोदे)

आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर नागरिकांनी केलेल्या वन्यजीवांच्या नोंदींतून देशी (मूळच्या तिथल्या), प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच प्रदेशात आढळणाऱ्या) वा परकीय (बाहेरून आलेल्या) जातींच्या नोंदी वेगळ्या काढण्याची पद्धत. ‘प्रदेशनिष्ठ’ ही संज्ञा वनस्पतिभूगोलात स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदॉल यांनी १८२० मध्ये आणली. देशी-परकीय भेदाच्या पहिल्या मांडणीचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्स्लो (१८३५) यांना दिले जाते. त्यांचेच देशबांधव वॉटसन यांनी ती १८४७ च्या सुमारास पक्की केली.

दर्जा एकेका नोंदीला नसतो. तो जात आणि प्रदेश या जोडीला असतो व त्या प्रदेशाच्या जातियादीतून घेतला जातो. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतली मगर देशी आहे, पण तिचा आढळ इराणपर्यंत असल्याने प्रदेशनिष्ठ नाही. मोर भारतीय उपखंडाला प्रदेशनिष्ठ. भारत एवढाच प्रदेश निवडला की नुसता देशी. झाड माणसाने लावलेले आहे हे सांगणारी लागवडीची खूण याहून निराळी. ज्याच्यावरून शहराला नाव पडले तो वड देशीच, तरी कमाटीबागेत (स्थापना १८७९) हाताने लावलेले त्याचे झाड ‘लागवडीचे’ म्हणूनच नोंदवावे लागते. नवखे नोंदकर्ते इथे हमखास गोंधळतात.

खरी अडचण गोरखचिंचेची (बाओबाब). पादरा तालुक्यातील गणपतपुऱ्याचे अवाढव्य झाड परिसरात सर्वांना ठाऊक आहे. गुजरातीत त्याला ‘चोर आंबलो’ किंवा ‘रुखडो’ म्हणतात. हाताच्या बोटांसारखी पाने, लांब देठावर उलटे लोंबणारे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. मूळ आफ्रिकेचे हे झाड इकडे कसे आले, याबद्दल एकमत नाही. कोणी अरब व्यापाऱ्यांना श्रेय देतात, कोणी आफ्रिकी वंशाच्या सिद्दींना, कोणी पोर्तुगीजांना. फळे समुद्रप्रवाहाबरोबर वाहत आली असावीत, असेही मत आहे. नावात गोरखनाथ आहेत म्हणून झाड इथलेच, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण आलेल्या झाडालाही लोक आपले नाव देतात. जनुकीय पुरावा आफ्रिकेतून वेगवेगळ्या काळी झालेल्या अनेक आगमनांकडे झुकतो व तोच अधिक ग्राह्य वाटतो. युरोपात साधारण १५०० पूर्वी आलेल्या वनस्पतींना वेगळा वर्ग दिला जातो. छाननीत तशी सोय नाही. त्यामुळे शतकानुशतके रुजलेली गोरखचिंच आणि ज्याच्या लागवडीवर गुजरातेत २०२३ मध्ये बंदी आली तो कोनोकार्पस हा शोभेचा वृक्ष, दोन्ही ‘परकीय’ या एकाच कप्प्यात पडतात. चिंचेचा प्रश्न असाच. तिचाही उगम आफ्रिकेतला मानतात, पण नरहन (उत्तर प्रदेश) येथील उत्खननात मिळालेला तिचा कोळसा इ. स. पू. १३०० च्या सुमाराचा सांगतात.

ज्या जातीपुढे दर्जाच लिहिलेला नाही, ती कोणत्याही छाननीतून निसटते. पक्ष्यांच्या याद्या भरीव आहेत. कीटक, कोळी व बुरशी यांच्या विरळ. म्हणून छाननीनंतर उरलेल्या संख्येवरून बडोद्यात देशी कीटक किती, हे सांगू नये. पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर २०२२ पासून परक्या पक्ष्यांचे स्थिरावलेले, तात्पुरते व सुटून आलेले असे तीन वर्ग आहेत.