हृदयविभागातली नर्स फिरती कशी झाली

तेरा आठवडे एका हॉस्पिटलात, पुढचे तेरा कदाचित दुसऱ्याच राज्यात. अमेरिकेत अशी नोकरी करणाऱ्या नर्सला ट्रॅव्हल नर्स म्हणतात, आणि त्यातही हृदयविभागाचा अनुभव असलेल्या नर्सला मोठी मागणी असते. या मागणीचं मूळ नुसतं नर्स पुरवणाऱ्या एजन्स्यांच्या धंद्यात शोधलं तर अर्धीच गोष्ट हाती लागते. खरी सुरुवात होते ती शॉक देण्याचं यंत्र नर्सच्या हातात आलं तिथे.

१९६० च्या सुमारास हार्ट अटॅकचा पेशंट साध्या वॉर्डातच असे. ठोके बिघडले की नर्सनं डॉक्टरांना बोलवायचं, आणि ते पोहोचेपर्यंत बऱ्याचदा सगळं संपलेलं असायचं. उपाय नव्हता असं नाही. छातीवरून विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करता येतात हे पॉल झोल यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं. छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातल्या संशोधकांनी १९६० मध्ये मांडली होती. पण हाताशी वेळ असतो जेमतेम चार-पाच मिनिटांचा, आणि तेवढ्या वेळात पेशंटजवळ असते ती नर्स.

१९६२ मध्ये ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटीतल्या बेथनी हॉस्पिटलात हृदयरुग्णांसाठी वेगळं युनिट उघडलं. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनिओ नर्सना मॉनिटर वाचायला आणि डॉक्टरांची वाट न बघता शॉक द्यायला शिकवू लागले. तोवर हे डॉक्टरांचंच काम मानलं जाई. १९६७ मध्ये किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी आपल्या युनिटचे आकडे मांडले: रक्तदाब कोसळून शॉकमध्ये न गेलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण साध्या वॉर्डात २६ टक्के, युनिटमध्ये ७ टक्के. हा फरक यंत्रांइतकाच ती यंत्रं चालवणाऱ्या नर्सचाही आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मॉनिटरवरचं व्ही-फिब, म्हणजे हृदयाची जीवघेणी थरथर, ओहायोत जसं दिसतं तसंच ॲरिझोनात. त्यामुळे हे कौशल्य सोबत नेता येतं. १९७६ पासून सीसीआरएन या अतिदक्षता नर्सिंगच्या परीक्षेनं त्याला देशभर एकच माप दिलं. फिरत्या नोकरीची सुरुवात साधारण त्याच काळातली. मार्दी ग्रा या उत्सवाच्या गर्दीसाठी न्यू ऑर्लिन्सनं बाहेरून नर्स बोलावल्या, अशी ती सांगितली जाते. २००० पासून काही राज्यांनी एकमेकांची लायसन्स मान्य केली. कॅलिफोर्निया त्यात आजही नाही. पण तिथे २००४ पासून एका नर्सकडे किती पेशंट असावेत हे कायद्याच्या नियमांनी ठरतं. आयसीयूत जास्तीत जास्त दोन, टेलिमेट्रीत, म्हणजे ठोक्यांवर मॉनिटरनं सतत नजर ठेवणाऱ्या वॉर्डात, २००८ पासून चार. माणूस कमी पडलं तर कुठून तरी आणावंच लागतं.

कोविडमध्ये ट्रॅव्हल नर्सचं मानधन इतकं चढलं की जानेवारी २०२२ मध्ये सुमारे २०० खासदारांनी एजन्स्यांच्या दरांची चौकशी करा म्हणून व्हाइट हाउसला पत्र लिहिलं. कायमच्या नर्सना इतकी वर्षं काय मिळत होतं, हेही तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता सोबत नेता येत नाही त्याबद्दल. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन या औषधाचंच घ्या. आधीच्या हॉस्पिटलात ड्रिपचा वेग एपीटीटी या रक्ततपासणीवर ठरत होता, इथे अँटी टेन-ए या दुसऱ्या तपासणीवर. मनगटातून अँजिओग्राफी झालेल्या पेशंटच्या मनगटावर रक्त थांबवायला बांधलेल्या पट्ट्यातली हवा किती वेळानं आणि किती सोडायची, याचाही प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद. हे शिकायला बऱ्याचदा एक-दोन शिफ्टच मिळतात, आणि दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडलं की आधी पाठवतात ते ट्रॅव्हलरलाच. म्हणून अनुभवी नर्स नव्या युनिटमध्ये गेल्या गेल्या क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या सामानाची गाडी, कुठे उभी आहे ते बघते, तिच्यावरचा डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देण्याचं यंत्र, कोणत्या कंपनीचा आहे ते बघते, बटणं कुठे आहेत ते नजरेखालून घालते. कित्येक ठिकाणी त्या यंत्रावर एकच शब्द लिहिलेला असतो: झोल.