चांदीचं नॅट की हिरवं नॅट?

भारतीय हवाई दलाच्या नॅट या लढाऊ विमानाचं मॉडेल करायचं ठरवलं, की संचाचा डबा उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: विमान कोणत्या सालचं? १९६५ च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा हवा असेल, तर विमान उघड्या ॲल्युमिनियमचं, लखलखीत. १९७१ चा डिसेंबर हवा असेल, तर तेच विमान कॅमोफ्लाजमध्ये, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या रंगांत. आणि मधल्या काळातलं करतो म्हणाल तर अडकलातच. ६५ च्या युद्धात चांदीसारखी चमकणारी विमानं घाईघाईने रंगवली गेली, आणि घाईत केलेल्या कामाची तपशीलवार नोंद कुणी ठेवत बसत नाही. त्या वेळचे फोटो आहेत, पण बहुतेक कृष्णधवल.

साताऱ्यात गोडोलीला राहणारे हवाई दलातले एक निवृत्त एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे) सध्या १:४८ प्रमाणातलं नॅट बांधताहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. टेबलावर पंखांच्या दोन टोकांत १४ सेंटिमीटर आणि लांबीला १८ सेंटिमीटर भरेल एवढं ते विमान आहे. खरं नॅटही काही फार मोठं नव्हतं: पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, लांबी ८.७४ मीटर. उंच वैमानिकाला त्याच्या कॉकपिटमध्ये अंग चोरूनच बसावं लागे. "जमिनीवर उभं राहून निम्मं काम व्हायचं बघ, शिडी शोधत फिरायला नको," काका सांगतात, "पण हायड्रॉलिक्सनं रडवलं आम्हाला." नॅटच्या हायड्रॉलिक्सची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची, ही तक्रार हवाई दलात जुनीच.

या छंदाचा जन्म झाला ब्रिटनमध्ये, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३२ पासून तिथे 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी विमानांचे संच मिळू लागले आणि १:७२ हे प्रमाण रुळलं ते तिथूनच. मेट्रिक डोक्याला हा आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचांत हिशेब सरळ आहे. सहा फुटांचा एक इंच. सहा फुटी वैमानिक मॉडेलमध्ये बरोबर इंचभर. १:४८ म्हणजे चार फुटांचा एक इंच. १९३६ मध्ये 'फ्रॉग' या कंपनीने प्लास्टिकचे संच काढले आणि त्या मालिकेला 'पेंग्विन' नाव दिलं. पेंग्विनला उडता येत नाही आणि ही मॉडेलंही शोभेचीच. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं, वर्षं गेली की वाकडं व्हायचं. म्हणून त्यातली धड राहिलेली विमानं आता संग्राहकांच्या कपाटातच सापडायची.

मग युद्ध आलं आणि खेळणं कामाला लागलं. डोक्यावरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं, हे दोन-चार सेकंदांत ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांकडून १:७२ ची लाकडी विमानं करून मागवली, तीही थोडीथोडकी नव्हे, पाच लाख! सगळी काळ्या रंगात, कारण ओळखायचा होता तो आकार. ३५ फुटांवर धरलेलं असं मॉडेल डोळ्याला साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. ३५ गुणिले ७२, म्हणजे २,५२० फूट. पोरांनी वर्गात कानस घासून केलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर तोफखान्यातली माणसं तयार झाली.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन आलं, साच्यात दाबून भाग काढायचं तंत्र स्वस्त झालं. ब्रिटनची एअरफिक्स कंपनी १९३९ मध्ये रबरी खेळणी घेऊन सुरू झालेली, पुढे ती कंगवे करू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची जाहिरात म्हणून तिने एक छोटा ट्रॅक्टर केला, आणि पन्नाशीच्या दशकात तिचं स्पिटफायर दोन शिलिंगला दुकानात आलं. ज्यांच्या बापांनी युद्ध पाहिलं होतं, त्या मुलांनी ही विमानं चिकटवली. जपानमध्ये शिझुओका शहरात लाकडाचा धंदा करणारी तामिया कंपनी १९६० मध्ये प्लास्टिकच्या मॉडेलांत उतरली आणि बघता बघता भागांच्या अचूकपणात सगळ्यांच्या पुढे गेली.

आपल्याकडे यातलं फारसं काही पोचलं नाही. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर बंधनं होती. मर्चंट नेव्हीतल्या मामाच्या बॅगेतून एखादा डबा यायचा तेवढाच. साताऱ्यात पोरांच्या हाताला छोट्या आकारातली रचना येते ती दिवाळीच्या किल्ल्यातून. दगड रचायचे, वर ओलं पोतं, त्यावर माती, हळीव पेरायचे, बुरुजांना गेरू. प्रमाणाचा तिथे प्रश्नच नाही. मातीचा मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असतो आणि सिंहासनावरच्या महाराजांपुढे बालेकिल्ला ठेंगणा. मला यात काही गैर वाटत नाही. ज्याचं महत्त्व मोठं त्याची मूर्ती मोठी, ही पद्धत आपल्याकडच्या जुन्या चित्रांतही आहेच. मात्र किल्ल्यावर वाढलेल्या माणसाला १:४८ ची शिस्त लावून घ्यायला वेळ लागतो, एवढं खरं.

विमानांची ओढ मात्र या जिल्ह्याला जुनी. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात २३ जून १९६१ ला सुरू झाली. पुढे हवाई दलप्रमुख झालेले (२००९ ते २०११) एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक याच शाळेचे. एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाची विमानं करतात, त्यात उडणारी असतात तशी नुसती मांडून ठेवायचीही असतात. प्लास्टिकच्या डब्याआधी इथल्या बऱ्याच जणांचा या छंदाशी संबंध आला तो तिथेच.

आता नॅटकडे वळू. लढाऊ विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली, हे डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या इंग्रज अभियंत्याला खटकत होतं. लायसँडर आणि कॅनबेरा ही त्याचीच विमानं, दोन्ही भारतीय हवाई दलाने वापरलेली. फोलंड कंपनीत त्याने आधी 'मिज' नावाचं चाचणीचं छोटं विमान केलं. ते ऑगस्ट १९५४ मध्ये उडालं, आणि १८ जुलै १९५५ ला नॅट. दोन ३० मिलिमीटरच्या तोफा हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडेला, आणि वेग कमी करायला वेगळ्या फळ्यांऐवजी चाकंच अर्धवट खाली सोडायची सोय. ब्रिटिश हवाई दलाला लढाऊ विमान म्हणून ते पसंत पडलं नाही. त्यांनी दोन आसनांचं प्रशिक्षण विमान तेवढं घेतलं, आणि 'रेड ॲरोज' या त्यांच्या कसरत पथकाच्या लाल विमानांमुळे जगाला नॅट माहीत झालं ते त्या रूपात. भारताने १९५६ मध्ये उत्पादनाचा परवाना घेतला आणि बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये (आजचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ते बनू लागलं.

मॉडेल करणाऱ्याला या इतिहासाचा थेट फटका बसतो. बाजारात वर्षानुवर्षं सहज मिळणारं नॅट म्हणजे एअरफिक्सचं १:७२ चं, आणि ते दोन आसनी आहे. मागचं आसन काढून टाकलं की झालं, असं वाटतं; तसं नाही. प्रशिक्षण विमानाचे पंख मोठे, अंग लांब. त्यातून आपलं नॅट काढायचं म्हणजे जवळपास नवीनच विमान करणं.

१ सप्टेंबर १९६५. जम्मूच्या छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्रेचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. राजकारण सगळं कराडचं. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत हरिकेन विमानं उडवणाऱ्या एक नंबरच्या स्क्वॉड्रनचं नेतृत्व केलेलं. हवाई दल वापरायला परवानगी हवी, असं त्यांनी सांगितलं आणि चव्हाणांनी ती तिथल्या तिथे दिली. त्या संध्याकाळी पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमानं गेली आणि त्यातली चार परतली नाहीत. पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांपुढे त्यांचा निभाव लागणारच नव्हता. मग नॅट पुढे आणली गेली. ३ सप्टेंबरला २३ व्या स्क्वॉड्रनच्या ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर सेबर पाडल्याची नोंद झाली आणि त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानचं म्हणणं, ते सेबर जखमी अवस्थेत परत उतरलं. वाद अजून मिटलेला नाही, पण 'सेबर स्लेअर' (सेबरांचा कर्दनकाळ) हे नाव नॅटला चिकटलं ते चिकटलंच. त्याच दिवशी त्याच स्क्वॉड्रनचं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि पाकिस्तानच्या ताब्यात गेलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे.

त्या आठवड्यातली ही विमानं उघड्या धातूची होती. कडक उन्हात पार्किंगमध्ये उभं असलेलं चकचकीत विमान वरून किती लांबून दिसत असेल, याचा विचार युद्ध सुरू झाल्यावर नव्याने करावा लागला, आणि रंगाचे डबे बाहेर आले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात (२२ नोव्हेंबर) आणि श्रीनगरवर (१४ डिसेंबर) जी नॅट लढली, ती कॅमोफ्लाजची. श्रीनगरला निर्मलजीत सिंग सेखों एकटे सहा सेबरांना भिडले. त्यांना मरणोत्तर मिळालेलं परमवीर चक्र हवाई दलाचं आजवरचं एकमेव.

खुणांचाही असाच हिशेब ठेवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवरून हवाई दलाच्या खुणेच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानावरचा लाल गोळा आणि आपलं वर्तुळ यांत गफलत होऊन आपलीच तोफ आपल्यावर चालायची. म्हणून इम्फाळचं हरिकेन करताना दोन निळ्या छटांचं छोटं वर्तुळ लागतं. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र, आणि १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं. चुकीच्या सालाचा डिकॅल (चिकटवायची छापील खूण) बरोबर विमानावर चिकटवलेला पाहिला की काकांची भुवई वर जाते, बोलत काही नाहीत.

काकांनी चांदीचं नॅट निवडलंय, म्हणजे अवघड बाजू. कॅमोफ्लाजखाली थोडीफार खोट लपते. चांदीखाली केसाएवढा ओरखडाही ओरडून सांगतो. अंगाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात गळाचं शिसं कोंबावं लागतं, नाहीतर तीन चाकांवर उभं करताच विमान शेपटीवर बसतं. मग सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि सुकली की पाण्याचा पॉलिश पेपर. आधी ४००, मग ८००, मग १,५०० नंबर. घासताना पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेघा बुजतात, त्या सुईच्या टोकाने परत ओढायच्या. त्यानंतर चकचकीत काळ्याचा थर. तो आरशासारखा बसला तरच वरचा ॲल्युमिनियमचा थर धातू वाटतो, एरवी तिजोरीला मारलेला चंदेरी रंग दिसतो. तोफांच्या तोंडाजवळचे आणि इंजिनाच्या टोकाकडचे पत्रे एकाच चांदीत मारत नाहीत. थोडा काळपट, थोडा तांबूस हात द्यावा लागतो, मास्किंग टेप लावून, एकेक चौकोन.

कॉम्प्रेसर ओळखीच्या मूर्तिकाराकडून आला. साताऱ्यातल्या गणपतीच्या कारखान्यात हवेच्या गनने पितांबराची छटा उतरवणारा कारागीर आणि विमानाच्या पोटाला धुराचा डाग देणारा माणूस, दोघांच्या मनगटाचं काम एकच. "जवळून एक जाड हात मारू नका, लांबून दोन पातळ मारा," हा त्या मूर्तिकाराचा सल्ला काकांनी जसाच्या तसा उचलला. फक्त इथल्या पावसापुढे कुणाचं चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर मारला की तो पांढुरका पडतो. म्हणून कापणं, घासणं, लांबी हे सगळं पावसाळ्यात आणि रंग दसऱ्यानंतर, असं वेळापत्रक आपोआप पडलंय.

एक वाद आमच्यात राहिलाय. लांबून पाहताना रंग फिका दिसतो, म्हणून छोट्या मॉडेलवर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा, असं बरेच जण मानतात. काकांना ते पटत नाही. "मी ज्या विमानावर हात फिरवला ते मी अर्ध्या मैलावरून कधी पाहिलंच नाही," ते म्हणतात. चांदीच्या विमानाला तो प्रश्न फारसा नाही, पण पुढचं नॅट श्रीनगरचं करायचं ठरलंय आणि तेव्हा हा वाद परत निघणार. त्या हिरव्यासाठी नमुना कुठून घ्यायचा, तेही ठरायचंय. ठिकठिकाणी चबुतऱ्यांवर उभी केलेली जुनी विमानं दर काही वर्षांनी नव्याने रंगवतात, रंगारी मिळेल तो हिरवा मारतो. त्यावरून मॉडेलचा रंग घ्यायचा नाही, एवढ्यावर तरी आमचं एकमत आहे.