घाईत गाठलेली निवडणूक: १९७७ च्या लोकसभा प्रचाराची पार्श्वभूमी

आणीबाणी चालू असतानाच १८ जानेवारी १९७७ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून लोकसभा निवडणूक मार्चमध्ये घेण्याचे जाहीर केले. विरोधकांना ही घोषणा अनपेक्षित होतीच, पण काँग्रेसच्या बहुतेक पुढाऱ्यांनाही तिची कुणकुण नव्हती. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्येच संपायची होती. ती एकेका वर्षाने दोनदा वाढवून घेण्यात आली होती आणि दुसरी मुदतवाढ तर जेमतेम अडीच महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे मार्च १९७८ पर्यंत मतदारांसमोर जाण्याची कायद्याने कोणतीही सक्ती नव्हती.

तरीही हा निर्णय का झाला, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गुप्तचरांचे अनुकूल अंदाज, परदेशांतील टीका, पाकिस्तानात भुत्तोंनी त्याच महिन्यात जाहीर केलेली निवडणूक, अशी अनेक कारणे सांगितली जातात. मला त्यांपेक्षा एक साधा हिशेब अधिक पटतो. आणीबाणीत पकडलेले विरोधकांचे नेते नुकते तुरुंगातून सुटत आहेत, त्यांच्यापाशी पैसा नाही आणि आपसांत मेळही नाही, तोवरच त्यांना गाठावे, असा तो हिशेब होता. त्यात वरकरणी चूक नव्हती. पण वेळ कमी असल्याचा परिणाम नेमका उलटा झाला.

कारण वेळ होता तेव्हा विरोधकांनी तो वाटाघाटींतच घालवला होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटलेले विरोधकांचे ज्येष्ठ नेते जयप्रकाश नारायण मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते, आणि त्यामुळे १९७६ मधील एकीकरणाच्या बऱ्याच बैठकांना मुंबई हेच ठिकाण मिळाले. संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीत इंदिरा गांधींपासून वेगळा झालेला गट), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष असे चार पक्ष होते आणि समाजवाद्यांतर्फे नानासाहेब गोरे या बोलण्यांत होते. विलीनीकरण करायचे की नुसती आघाडी, नेता कोण, जनसंघाच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेल्या संबंधांचे काय, या तीन प्रश्नांपाशी गाडी वारंवार अडत असे. लोकदलाच्या चरणसिंगांना विलीनीकरणाची घाई होती, तर संघटना काँग्रेसच्या मोरारजी देसाईंचा कल आघाडीकडे होता.

मोरारजींची स्थानबद्धता १८ जानेवारीलाच संपली. त्यानंतर पाच दिवसांत, २३ जानेवारीला, जनता पक्षाची घोषणा झाली. मोरारजी अध्यक्ष आणि चरणसिंग उपाध्यक्ष झाले. वर्षभर न सुटलेले प्रश्न या पाच दिवसांत सुटले असे मात्र समजू नये. ते फक्त बाजूला ठेवले गेले. पक्षाचे रीतसर विलीनीकरणही १ मे रोजी, म्हणजे सत्ता मिळाल्यानंतर झाले. निवडणूक आयोगाच्या दफ्तरी जनता पक्ष नव्हताच, म्हणून बहुतेक राज्यांत उमेदवार लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर उभे राहिले. ज्या जनसंघी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे भिंतीवर पणती हे आपले चिन्ह रंगवले, त्यांना आता तो शेतकरी रंगवावा लागला.

सत्ताधारी गोटातही सारे आलबेल नव्हते. तिकीटवाटपात संजय गांधी आपली तरुण माणसे मोठ्या संख्येने घुसवणार, अशी धास्ती जुन्या खासदारांना होती. २ फेब्रुवारीला ज्येष्ठ केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांनी मंत्रिमंडळाचा आणि पक्षाचा राजीनामा दिला. आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव लोकसभेत याच गृहस्थांनी मांडला होता, हे विसरून चालणार नाही. हेमवतीनंदन बहुगुणा आणि नंदिनी सत्पथी यांच्यासह त्यांनी लोकशाहीवादी काँग्रेस काढली. आणखी गळती होऊ नये म्हणून काँग्रेसने विद्यमान खासदारांपैकी बहुतेकांना पुन्हा तिकिटे दिली आणि संजय यांच्या याद्यांना कात्री लागली.

६ फेब्रुवारीच्या रविवारी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ लावला, तरीही मैदान भरले. सभांमधून देणग्यांसाठी चादरी फिरत आणि त्यांत नोटांबरोबर चिल्लरही पडे. जयप्रकाश डायलिसिसच्या वेळा सांभाळून दौरे करीत होते. महाराष्ट्रात पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांना उभे राहिले. आणीबाणीविरोधात स्फोट घडवण्याच्या कटाच्या, बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी जॉर्ज फर्नांडिस यांनी तर तुरुंगातूनच मुझफ्फरपूर लढवले आणि तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले.

मतदान १६ ते २० मार्च या काळात झाले. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी पराभूत झाल्या. दक्षिणेत चित्र अगदी वेगळे होते: आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसकडेच राहिल्या. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये होता. इथे काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या, पण मुंबईतल्या साऱ्या जागा गेल्या.

मग जानेवारीत बाजूला ठेवलेला नेतृत्वाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. खासदारांचे मतदान टाळून निवड जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवण्यात आली. रुग्णालयात असलेल्या चरणसिंगांनी पत्र पाठवून मोरारजींना पाठिंबा दिला. जगजीवनराम पंतप्रधान होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. २४ मार्चला मोरारजींनी शपथ घेतली आणि नाराज जगजीवनराम त्या दिवशीच्या समारंभापासून दूर राहिले.