मुक्तस्रोत कॅड सॉफ्टवेअर : इन्स्टॉल आणि बिल्ड, पुण्याच्या संदर्भात

संगणकावर यंत्रभागांची, इमारतींची किंवा वस्तूंची आरेखने करणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, त्याला मुक्तस्रोत कॅड म्हणतात. फ्रीकॅड, लिब्रेकॅड, क्यूकॅडची कम्युनिटी आवृत्ती, ओपनस्कॅड, सॉल्व्हस्पेस आणि बीआरएल-कॅड ही त्यातली ठळक नावे. ते वापरायचे दोन मार्ग आहेत. एक, तयार फाइल उतरवून इन्स्टॉल करणे. दुसरा, सोर्स कोड आणून आपल्याच संगणकावर कम्पाइल करणे, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे; हाच बिल्ड. बहुतेकांचे काम पहिल्या मार्गाने भागते. पण सॉफ्टवेअरमधली उणीव आपल्या हाताने दूर करायची असेल, तर बिल्ड आल्यावाचून गत्यंतर नाही.

पुण्याचे कॅडशी नाते दुहेरी आहे. भोसरी, चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात ड्रॉइंगशिवाय कोणाचे पान हलत नाही. त्याच शहरात दासो सिस्टीम्स, पीटीसी, सीमेन्स यांची सॉफ्टवेअर विकास केंद्रेही आहेत. जगभर विकल्या जाणाऱ्या कॅड सॉफ्टवेअरचा काही भाग इथे बसून लिहिला जातो. भूमिती आणि सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंग भाषा दोन्ही जाणणारी माणसे पुण्यात आहेत. आणि दोन व्हीएमसी मशीनवर (संगणकाने चालणाऱ्या धातूकामाच्या यंत्रांवर) जॉब वर्क करणाऱ्या छोट्या टूलरूमला त्याच सॉफ्टवेअरचे वार्षिक लायसन्स परवडत नाही, हेही पुण्यातलेच वास्तव. मग कुठूनतरी आणलेली क्रॅक केलेली प्रत चालवली जाते. ती बेकायदा असतेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येण्याची धास्ती कायम. मुक्तस्रोत कॅड ही त्यावरची सरळ, कायदेशीर वाट आहे.

यातले सर्वांत जुने सॉफ्टवेअर म्हणजे बीआरएल-कॅड. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी १९७९ मध्ये त्याचे काम सुरू केले. ते मुक्तस्रोत झाले २००४ मध्ये. पुण्यातल्या कारखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे मात्र फ्रीकॅड. युर्गन रीगल आणि व्हेर्नर मायर यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये काढली आणि १.० हा आकडा गाठायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. बावीस वर्षे लागली यात नवल नाही. घन आकारांची भूमिती हाताळणारा गाभा म्हणजे कर्नल लिहिणे हे अत्यंत अवघड काम. फ्रीकॅडने तो स्वतः लिहिला नाही. फ्रान्सच्या मात्रा डेटाव्हिजन कंपनीने तयार केलेला आणि १९९९ मध्ये खुला केलेला ओपन कॅस्केड वापरला. पडद्यावर त्रिमितीय चित्र दाखवायला कॉइन, खिडक्या आणि बटणांसाठी क्यूटी आणि स्क्रिप्टसाठी पायथन. ही चार नावे लक्षात ठेवावीत, कारण बिल्ड बहुतेक वेळा यांच्यापैकीच एकावर अडतो.

इन्स्टॉल करणे सोपे आहे, पण आवृत्ती पाहून करावे. विंडोजवर नेहमीसारखा इन्स्टॉलर मिळतो. लिनक्सवर ॲपइमेज ही एकच फाइल उतरवून तिला चालवण्याची परवानगी दिली की झाले. उबुंटू २२.०४ आणि पुढच्या आवृत्त्यांत फ्यूज २ ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) आधीपासून नसते, त्यामुळे काही ॲपइमेज दोनदा क्लिक करूनही उघडत नाहीत. ती लायब्ररी टाकल्यावर चालतात. लिनक्सच्या वितरणाच्या (उबुंटू, डेबियन वगैरे) भांडारातून घेतलेली प्रत मात्र जुनी असू शकते. डेबियन १२ मध्ये फ्रीकॅड ०.२०.२ आहे. एकाने १.० मध्ये केलेले मॉडेल दुसऱ्याने ०.२० मध्ये उघडले तर ते जसेच्या तसे दिसेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून एका कार्यशाळेतल्या सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती असावी, हा नियम करून टाकलेला बरा.

०.२१ आणि १.० मधला फरक कामाच्या माणसाला चटकन जाणवतो. आधी मॉडेलच्या प्रत्येक पृष्ठाला फ्रीकॅड फक्त क्रमांक द्यायचे. सहाव्या पृष्ठावर भोक पाडले आणि नंतर मूळ स्केचमध्ये एक रेघ वाढवली की क्रमांक सरकायचे आणि भोक भलत्याच बाजूला जायचे किंवा मॉडेल तुटायचे. १.० मध्ये यावर बऱ्याच अंशी तोडगा निघाला आणि सुटे भाग एकत्र जोडून पाहण्याचे असेम्ब्ली वर्कबेंचही (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या साधनांचा संच) आतच आले. पूर्वी फ्रीकॅड वापरून वैतागलेल्यांनी पुन्हा बघावे, असे मनापासून सांगावेसे वाटते ते याचमुळे.

इन्स्टॉल झाल्यावर पहिला प्रश्न येतो तो फाइलींचा. त्रिमितीय मॉडेल दुसरीकडे पाठवायला स्टेप फॉरमॅट उत्तम. महागड्या सॉफ्टवेअरमध्येही ती फाइल नीट उघडते. लेझर कटिंगवाला डीएक्सएफ ही रेखाचित्राची फाइल मागतो. ती देताना मिलिमीटर आणि इंच यांचा घोळ झाला तर पत्रा २५.४ पट लहान किंवा मोठा निघेल, म्हणून एक ज्ञात माप फाइलमध्ये मोजून मगच पाठवावे. भारतात ड्रॉइंग फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली मांडून, काढतात. फ्रीकॅडच्या टेकड्रॉ वर्कबेंचच्या सेटिंगमध्ये तेच निवडलेले आहे ना, हे ड्रॉइंग मशीनवर जाण्याआधी तपासावे.

ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींची गोष्ट निराळी. तो फॉरमॅट खुला नाही, आणि ग्राहकाकडून येणारी फाइल बहुतेक वेळा तीच असते. फ्रीकॅड ती थेट वाचत नाही. बाहेरचा रूपांतरक लागतो. लिब्रेकॅडमध्ये हा प्रश्न लायसन्समुळे आणखी गुंतला. लिब्रेकॅड हे जुन्या क्यूकॅडपासून निघालेले, त्याचे लायसन्स म्हणजे जीपीएल या मुक्त लायसन्सची दुसरी आवृत्ती. डीडब्ल्यूजी वाचणारी लिब्रेडीडब्ल्यूजी ही लायब्ररी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. दोन्ही मुक्त, तरी कायद्याने एकत्र जोडता येत नाहीत. शेवटी लिब्रेकॅडच्या लोकांनी स्वतःची वेगळी लायब्ररी लिहिली. लायसन्स ही वकिलांची बाब नसून बिल्डमध्ये काय जोडता येईल हे ठरवणारी गोष्ट आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

बिल्ड शिकायचा असेल तर सुरुवात लिब्रेकॅडपासून करावी. त्याला मुख्यतः क्यूटी आणि बूस्ट लागते, साध्या लॅपटॉपवरही काम लवकर उरकते आणि कम्पायलर, कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर, लायब्ररी यांची ओळख होते. फ्रीकॅडचे तसे नाही. त्याचा कोड गिटने (कोड उतरवण्याच्या आणि बदल नोंदवण्याच्या साधनाने) आणताना सबमॉड्यूलही, म्हणजे त्याला जोडलेले वेगळे कोडही, आणावे लागतात; ते राहिले तर असेम्ब्लीच्या सॉल्व्हरचा फोल्डर रिकामा राहतो आणि बिल्डची तयारी करणारा सीमेक तिथेच थांबतो. सीमेक हा प्रत्यक्ष कम्पाइल करत नाही. तो आधी घरात काय आहे काय नाही ते बघतो : ओपन कॅस्केड, कॉइन, बूस्ट, झर्सिस, आयगेन, व्हीटीके, स्विग, पायसाइड (पायथन आणि क्यूटी यांना जोडणारा). एखादी लायब्ररी असते पण तिच्या हेडर फाइली (तिच्यात काय आहे ते कम्पायलरला सांगणाऱ्या) नसतात. उबुंटू-डेबियनवर त्या डेव्ह नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. सीमेकच्या लांबलचक आउटपुटमध्ये घाबरण्यासारखे पुष्कळ दिसते, परंतु वाचायची असते ती पहिली एरर. खालच्या बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात.

सर्वांत चिवट अडचण क्यूटीची. फ्रीकॅड क्यूटी ५ वर बांधला तर पायसाइड २ हवा, क्यूटी ६ वर बांधला तर पायसाइड ६. संगणकावर कोंडा या पॅकेज आणणाऱ्या साधनाची एक क्यूटी आणि सिस्टीमची दुसरी असेल, तर सीमेक एक उचलतो, पायथन दुसरी. बिल्ड पूर्ण होतो आणि सॉफ्टवेअर उघडताक्षणी कोसळते. यावर उपाय म्हणजे सगळ्या लायब्ररी एकाच ठिकाणाहून घेणे. फ्रीकॅडच्या सोर्समध्ये आता पिक्सी या साधनाची तयार फाइल असते. ती सगळी अवलंबने वेगळ्या फोल्डरमध्ये आणते आणि सिस्टीमला हात लावत नाही. नवख्याने हाच रस्ता धरावा. विंडोजवर तेच काम लिबपॅक नावाचा गठ्ठा करतो, सोबत व्हिज्युअल स्टुडिओ लागतो.

दुसरी अडचण रॅमची. आठ कोअर आहेत म्हणून आठ फाइली एकाच वेळी कम्पाइल करायला लावल्या आणि रॅम ८ जीबीच असली, तर मध्येच कम्पायलर ‘किल्ड’ असा शेरा मारून बंद पडतो. कोडमध्ये चूक नसते. मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच ती प्रक्रिया मारलेली असते. एका वेळच्या फाइली दोन किंवा तीनवर आणाव्यात. स्ट्रेस ॲनालिसिसचे फेम मॉड्यूल नको असेल तर सीमेकमध्ये ते बंद करता येते, वेळ बराच वाचतो. तरीही पहिल्या बिल्डला तास-दोन तास सहज जातात. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, म्हणून डेस्कटॉपवर पहिला बिल्ड त्या दिवशी लावू नये. लावला आणि वीज गेलीच तर सगळे वाया जात नाही. निंजा किंवा मेक (प्रत्यक्ष कम्पाइल करवून घेणारी साधने) जेवढ्या फाइली उरल्या तेवढ्याच पुन्हा घेतो. फक्त अर्धवट लिहिली गेलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल (कम्पाइल झालेला तुकडा) शोधून काढून टाकावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मराठी माणसाला देवनागरीत मिळते. फ्रीकॅडमध्ये अक्षरांना त्रिमितीय आकार देणारे शेपस्ट्रिंग नावाचे साधन आहे. दारावरची पाटी किंवा मशीनवरची सूचना कोरायची म्हणून त्यात ‘विद्या’ टाकले, तर पहिली वेलांटी व च्या आधी येण्याऐवजी नंतर पडते, आणि ‘द्या’ चे द, हलंत, य, काना असे सुटे तुकडे होतात. फॉन्ट बदलून फरक पडत नाही. १.० पर्यंतच्या कोडमध्ये, पार्ट मॉड्यूलमधल्या एका सी प्लस प्लस फाइलीत, मजकुरातली चिन्हे फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीकडून एकेक करून आणली जातात आणि ओळीने मांडली जातात. रोमनला ते पुरते. देवनागरीला आधी चिन्हांची जुळणी करणारे हार्फबझसारखे इंजिन लागते, आणि ते त्या वाटेवर नाही. ओपनस्कॅड हार्फबझ वापरते, त्यामुळे नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट दिला आणि लिपी देवनागरी सांगितली की तिथे जोडाक्षरे नीट येतात. फ्रीकॅडमध्येच काम करायचे असेल तर इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून त्याचे पाथमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारात) रूपांतर करावे आणि ती एसव्हीजी फाइल आत आणावी. पाटी सुबक निघते.

पण ही झाली पळवाट. कायमची दुरुस्ती त्या एका फाइलीत आहे, आणि ती ज्याला वेलांटी चुकलेली दिसते त्यानेच करायला हवी. पूर्ण बिल्ड एकदा झालेला असला की त्या फाइलीतला बदल तपासायला पुन्हा तास लागत नाहीत. तेवढी फाइल आणि पार्ट मॉड्यूलची लायब्ररी पुन्हा बांधली जाते, काही मिनिटांत नवे ‘विद्या’ पडद्यावर पाहता येते. फ्रीकॅडचे लायसन्स एलजीपीएल असल्याने असा बदल करून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपसारख्या मंडळींकडे सीमेकच्या एररवर बोलणारी माणसे भेटतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी प्लस प्लस, पायथन यांचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघातिघांना प्रोजेक्ट म्हणून हे काम पुरेसे मोठे आहे, आणि आवाक्यातलेही.