पाळी लांबवायची गोळी वेगळी, दिवस न राहण्याची वेगळी

गौरी-गणपती उरकले की कोल्हापुरात नवरात्राची चाहूल लागते. घट बसायचे, ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जायची, घरोघरी उपासाची गडबड, आणि त्यातच कुणाची तरी तारीख नेमकी अष्टमीला येत असते. मग मेडिकलमध्ये हलक्या आवाजात मागणी होते, 'पाळी लांबवायची गोळी द्या.' बऱ्याचदा ती मागायला नवरा किंवा दीर येतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसते, कुणी काही विचारत नाही, पुडी हातात पडते.

देवाधर्माच्या कामात पाळी चालावी की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. मला बोलायचंय ते तिथून पुढच्या एका समजुतीबद्दल. 'गोळी चालू आहे, म्हणजे आता दिवस राहायची भीती नाही,' असं धरून चालणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत फक्त बाईलाच मोजावी लागते.

दोन गोळ्यांमधला फरक कळायला आधी पाळी का येते ते बघावं लागतं. पाळी सुरू झाल्याचा पहिला दिवस ते पुढच्या पाळीचा पहिला दिवस, हे एक चक्र. ते २८ दिवसांचंच असावं असं काही नाही. मोठ्या बाईत २१ ते ३५ दिवसांपर्यंतचं चक्र नेहमीचं मानतात. या काळात अंडाशयातून बीज सुटतं, साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी. बीज सुटलं की त्याच जागी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होऊ लागतं आणि ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ रुजला नाही तर प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटतं, रक्तस्राव होतो. म्हणजे रक्त दिसतं तेव्हा त्या चक्रातली सगळ्यात मोठी घटना दोन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेली असते.

आता लांबवायची गोळी. तिच्यात बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅमचं. प्रायमोल्यूट-एन किंवा रेजेस्ट्रोन ही नावं अनेकींनी पाकिटावर वाचली असतील. तारखेच्या साधारण ३ दिवस आधी सुरू करून दिवसातून ३ वेळा घ्यायची, ही तिची नेहमीची पद्धत. शरीरातलं प्रोजेस्टेरॉन घसरायला लागलेलं असतं, तेवढ्यात ही गोळी अस्तराला बाहेरून टेकू देते. टेकू काढला, म्हणजे गोळी थांबवली, की २-३ दिवसांत पाळी येते.

यात बीजाचं काय झालं? काहीच नाही. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा बीज सुटून दहा-अकरा दिवस उलटलेले असतात. बीज सुटण्याच्या सुमारास संबंध आला असेल तर जे व्हायचं ते गोळीच्या आधीच होऊन गेलेलं असतं. आणि खरा धोका इथंच आहे. दिवस राहिलेले असले तरी पाळी न येण्याचं कारण गोळीवर ढकललं जातं. ज्यांची पाळी मुळातच पुढे-मागे होते, त्यांची तर तारीखच अंदाजाची असते. म्हणून गोळी थांबवल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही, तर लघवीची तपासणी करायची. 'गोळीची उष्णता असेल' म्हणत थांबायचं नाही.

दिवस न राहण्याची गोळी कामच निराळं करते. सरकारी दवाखान्यात मोफत आणि आशाताईंकडेही मिळणाऱ्या माला-एनचं उदाहरण बघा. तिच्या २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी दोन संप्रेरकं थोड्या मात्रेत असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. ही रोज एक घ्यायची, चक्र सुरू होतानाच सुरू करायची, आणि रोजच्या रोज घेतल्यामुळे बीज सुटायचंच थांबतं. न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जे रक्त येतं ते संप्रेरकं थांबल्यामुळे. त्यामागं बीज सुटलेलं नसतं. पीसीओडीसाठी, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होते त्या त्रासासाठी, अशा गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या आयांनी हे जरूर लक्षात ठेवावं. गोळीवर महिन्याच्या महिन्याला रक्त येतं म्हणजे मूळ तक्रार गेली असं नव्हे.

७२ तासांची गोळी ही तिसरीच. ती असुरक्षित संबंधानंतर घ्यायची असते. पाळी लांबवायला तिचा उपयोग नाही.

लांबवायची गोळी थोडेच दिवस घ्यायची, म्हणून ती निर्धोक, हेही खरं नाही. नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली बाई, यकृताचा आजार असलेली, स्तनाचा कर्करोग झालेली, कारण न कळता अंगावरून रक्त जाणारी, यांनी ती स्वतःच्या मनानं घेऊच नये. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर घरी वाट न बघता सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जावं. आणि मेडिकलमध्ये दिराला पाठवण्यापेक्षा बाईनं एकदा स्वतः डॉक्टरांशी बोलावं, कारण या आजारांबद्दलचे प्रश्न डॉक्टरांना तिलाच विचारायचे असतात.

ज्या बाईची माला-एन आधीपासून नीट चालू आहे, तिला सणासाठी दुसरी गोळी लागतच नाही. २१ गोळ्या संपल्या की लोहाच्या ७ गोळ्या सोडून दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू केलं, तर रक्तस्राव पुढं जातो आणि दिवस न राहण्याचं संरक्षणही तसंच राहतं. एवढंच, की नवं पाकीट आधी आणून ठेवायला हवं.